तिसऱ्या ‘नको’ची अडचण

मुलुंड (पूर्व)

तीर्थस्वरूप कुंदाआत्या यांस,

शर्मिष्ठाचा साष्टांग नमस्कार. (आमच्या व्यवसायात याच आसनाला, कोपरे टेकवून, ‘प्लँक’ म्हणतात आणि त्याचे शुल्क घेतात, तुम्हाला मी तो विनामूल्य घातला आहे.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? आतोबांना लग्नातला कोट आजही सैल होतो, असे बाबा परवाच सांगत होते; त्याचे श्रेय सर्वस्वी तुमच्या स्वयंपाकाला जाते, यावर आमच्या घरात दुर्मीळ असे एकमत आहे. दिवाळीत तुम्ही पाठवलेले बेसनाचे लाडू आम्ही अजून जपून ठेवले आहेत. फोनवर माझा आवाज फुटत नाही हे तुम्ही जाणताच, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी घरोघरी जाऊन व्यायाम शिकवते, हे तुम्हाला आईकडून (उसाशासह) समजले असेलच. शाळेत खेळाच्या तासाला ग्रंथालयात बसण्याची विशेष परवानगी असलेल्या मुलीने हा मार्ग धरावा, याचे तुम्हाला आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रशिक्षकांच्या प्रमाणपत्र परीक्षेत मी पहिली आले आणि पहिली आल्यावर ती गोष्ट अर्धवट सोडण्याची मला सवय नाही. या क्षेत्राची सद्यःस्थिती थोडक्यात सांगायची, तर निम्म्या प्रशिक्षकांकडे दंड आहेत, प्रमाणपत्र नाही. उरलेल्या निम्म्यांकडे प्रमाणपत्र आहे (म्हणजे मी). दंडवाले मोबाइलवर शर्ट काढून आहारशास्त्र सांगतात आणि शेवटी पावडरीचा डबा विकतात. आम्हा प्रमाणपत्रवाल्यांना आहार सुचवण्याची मनाई आहे, आणि नसती तरी शर्टाची अडचण होतीच. त्यात ताजी बातमी अशी, की आता व्यायाम शिकवणारे ॲप आले आहे. ते न थकता आकडे मोजते, न लाजता ओरडते आणि मुख्य म्हणजे त्याला कोणी काही खाऊ घालू शकत नाही.

माझे घोडे नेमके इथेच पेंड खाते. (घोड्याने निदान पेंडच खाल्ली.)

वसुधाकाकू या माझ्या पहिल्या शिष्या. पहिल्या दिवशी मी त्यांना “कृपया आणखी एकदा खाली बसावे” असे दहा वेळा म्हटले, त्यांपैकी एकदा त्या बसल्या, त्याही सोफ्यावर. मी निघाले, तर त्या दारात आडव्या. “चार जिने चढून आलीस आणि तशीच जाणार? बस गं, दोन घास खा.” मी म्हटले, “नको काकू.” “नको काय? साबुदाण्याची खिचडी आहे. उपासाची! ती काय अंगाला लागतेय?” आता आत्या, आपल्याकडे पहिले ‘नको’ हा संकोच मानतात, दुसरे ‘नको’ हा शिष्टाचार; तिसरे म्हटले तरच ते खरे धरतात. माझ्या स्वभावाची मजल पहिल्याच्या पुढे आजवर गेलेली नाही. मी खिचडी खाल्ली. वरून डबा मिळाला. तो काढण्यासाठी ओट्याखालच्या फडताळापाशी काकू ज्या पद्धतीने बसल्या, तो त्यांच्या आयुष्यातला एकमेव निर्दोष स्क्वॉट होता.

ही वार्ता त्यांच्या इमारतीत पसरली. खालच्या मजल्यावरच्या अंबादासकाकांना मी सकाळी शिकवते. (त्यांना फक्त शवासन मान्य आहे, बाकीच्या व्यायामांबद्दल ते “उद्या बघू” असे झोपेतून सांगतात.) ते निजले, की त्यांच्या सौभाग्यवती मला स्वयंपाकघरात ओढतात. “वर वसुधाकडे खातेस, आणि आमच्याकडे तुला विष घालतो का गं?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. परिणामी सर्व शिष्यांचे वजन जसेच्या तसे आहे आणि त्यांच्या वाट्याची प्रगती मी एकटीने केली आहे. घरी परक्या डब्यांची चळत लागली आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यामुळे आई रोज कपाळाला हात लावते.

शेवटी आमच्या संस्थेचे चालक सर्वेश सर यांनी मला बोलावले. माझा रुजू झाल्या दिवशीचा फोटो आणि आताचा फोटो शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले, “मॅडम, हे उलट्या क्रमाने लावले ना, तर झकास जाहिरात होईल. सुलट लावले तर आपली वाट लागेल.” मग त्यांनी मला तीन आठवड्यांची सुट्टी दिली. तेवढ्यात मी पूर्ववत झाले नाही, तर माझ्या शिष्यांकडे ॲप जाईल.

आत्या, तुम्ही हसाल, पण हे काम मला मनापासून आवडते. शाळेत माझे उत्तर बरोबर असे, म्हणून ते ऐकायला कोणी थांबत नसे. इथे मी जिना चढताना काकू दार उघडून उभ्या असतात. (हातात झारा असतो, हे खरे, पण उभ्या असतात.) ते दार एका मोबाइलसाठी उघडावे, हे मला सोसणार नाही.

आतोबांना नमस्कार. गुडघ्यांना जपावे.

तुमची आज्ञाधारक,
शर्मिष्ठा

ता. क. या तीन आठवड्यांसाठी मी तुमच्याकडे जोगेश्वरीला राहायला आले तर चालेल का?

दुसरा ता. क. तुमच्याकडेच का, असे तुम्ही विचाराल. बाबा म्हणतात, “ताईकडे माणूस पहिल्याच घासाला तृप्त होतो.” आतोबांचा कोट हा त्याचा सबळ पुरावा आहे.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवणार, तोच वसुधाकाकूंचा फोन आला. त्यांचा डबा परवा परत करताना आईने त्यात तुमचे लाडू भरले होते. “शर्मिष्ठा, कसले लाडू दिलेस गं बाई! एक खाल्ला, तेव्हापासून अन्नावरची वासनाच उडालीय. काटा खाली आलाय, काटा! अजून आहेत का?” संस्थेच्या इतिहासात वजन उतरलेल्या त्या पहिल्याच. हे काकूंकडूनच कळल्यावर सर्वेश सरांनी माझी सुट्टी रद्द करून मला उद्यापासून कामावर बोलावले आहे आणि ॲपची चौकशी थांबवली आहे. (आहार सुचवण्याची मला मनाई आहे, परंतु लाडू हा आहार नव्हे, डबा परत करण्याची रीत आहे.) तरी कृपा करून आणखी पाच डबे होतील एवढे लाडू करावेत आणि कृतीत कोणतीही सुधारणा करू नये. राहायला येण्याचे आता रहित समजावे. तुम्ही आग्रह कराल, निदान जेवायला तरी ये म्हणाल. तोंडी मला जमणार नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते: नको, नको, नको.