स्वेटर आतून घाला

बाबा,

मी लाँड्रीत सकाळच्या पाळीला निघतेय. तुम्ही गाढ झोपलायत, उठवावंसं वाटलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

बाहेर लख्ख ऊन पडलंय, पण त्याच्या नादी लागू नका. इथलं ऊन नुसतं बघायचं असतं. आधी अंगाला चिकटणारे गरम कपडे, त्यावर शर्ट, मग आईनं विणलेला स्वेटर आणि सगळ्यांवर जॅकेट. स्वेटर लोकांना दिसावा म्हणून तुम्ही तो जॅकेटवर चढवायला जाता आणि त्याची बटणं लागली नाहीत की जॅकेटच काढून टाकता! आई गेली आणि एक बाही पुरी व्हायची राहिली, तिचं टोक मोकळंच आहे. काल ते फाटकात अडकलं आणि तुम्हाला पत्ताच नाही. मी कामावरून आले तर बर्फावर लोकरीचा लाल धागा. तो गुंडाळत गुंडाळत पार बागेतल्या बाकापर्यंत पोचले. तुम्ही उन्हात डोळे मिटून बसला होतात. ओठ निळे, चेहऱ्यावर हसू. म्हणालात, "ये, बस. तुझी आई आत्ता इथंच होती."

मी ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही.

आज फिरायला जरूर जा. रस्ता धुतल्या चादरीसारखा दिसतोय, अजून कुणी त्याची घडी मोडलेली नाही. फक्त स्वेटर आतून घाला. उसवलेली लोकर जॅकेटच्या खिशात ठेवलीय.

दुपारी मी आले की दोघंही नीट गुरफटून त्या बाकावर बसू. मलाही तिला भेटायचंय.

तुमची ठकी