सातव्या पिढीचा प्रोसेसर

धाराशिव

प्रिय अयोध्या,

फोनवर दुकानाचा विषय निघाला की तुझं दूध उतू जातं आणि तू फोन ठेवतेस. तुमच्या तेरमध्ये इतकं दूध तापवतात तरी कुणासाठी? म्हणून पत्र लिहितेय. हे मधेच कापता येणार नाही.

आपला जुना कॉम्प्युटर दिवाळीपासून कुरकुरत होता. लग्नपत्रिकेत गणपती टाकला की अडकायचा आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत बसायचं. आमचे हे म्हणाले, भंगारात दे, नवा घे. मी ऐकते होय! आपलं पत्रिकांचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि तू जुळवलेल्या चौकटी, वेली, अक्षरं सगळं त्यातच आहे. आतला मदरबोर्ड धडधाकट होता, मेमरी पुरेशी होती. दम संपला होता तो प्रोसेसरचा. तेवढाच बदलायचा, असं मी ठरवून टाकलं.

आता हस, पण पहिल्या खेपेला मी फसले. सोलापूरहून आठव्या पिढीचा आणला. पिना जुळल्या, जागेवर चपखल बसला, पण स्क्रीन काळीच. गुण जुळले म्हणून घर न बघताच होकार द्यावा, तसं झालं. आपला बोर्ड सहाव्या आणि सातव्या पिढीलाच ओळखतो, हे नंतर शोधलं. दुकानदारानं कुरबुर करत तो परत घेतला आणि सातव्या पिढीचा, चार कोरचा, वापरलेला पण चांगला दिला. या वेळी घाई केली नाही. आधी जुन्या प्रोसेसरवरच बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं, मग नवा बसवून त्यावर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, फॅन आवळला. कुणाला हात लावू दिला नाही. आता फाईल अशी उघडते की मला चहा प्यायला सवड मिळत नाही.

तुझी खुर्ची मात्र रिकामी आहे. भागवतराव गेल्यावर तू कामावर आलीस, तेव्हा एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं की शुभकार्याच्या पत्रिकेला विधवेचा हात नको. मी त्या बाईला दुकानाबाहेर काढलं, पण तोवर तू पिशवी उचलून निघाली होतीस. मला अजून राग येतो, तिचाही आणि तुझाही.

काल तुझ्या सासूबाई एकट्याच एसटीनं दुकानात आल्या. तुझ्या नणंदेचं, समृद्धीचं, लग्न ठरलंय हे मला त्यांच्याकडून कळावं? मी पत्रिकांचे नमुने पुढं ठेवले, तर त्यांनी ते बाजूला सारले. म्हणाल्या, "माझ्या लेकीची पत्रिका माझी सूनच करंल. दुसऱ्या कुणाच्या हातची मला न्हाय पायजे." घरी तुझ्यापुढं हे बोलायला गेलं की त्यांना रडू फुटतं, म्हणून त्यांनी मला लिहायला सांगितलं. सोमवारी पहिल्या एसटीनं ये. तुला गाडीत बसवून द्यायला त्या स्वतः स्टँडवर येणार आहेत.

तुझीच, वाट बघणारी
मोनिका