पहिल्या रांगेत कोण

प्रिय शकूआत्या,

"मांडवात कुणाला कुठं बसवायचं ते आपल्या शकूला इचारा," असं आजोबा म्हणायचे. तू तेव्हा परकरातली पोर होतीस. हे वाक्य मी तुझ्या भावाकडून, आमच्या दादांकडून, इतक्यांदा ऐकलंय की ते मीच कानांनी ऐकलं असं वाटतं. आज लिहायला बसले, कारण रविवारी माझ्या सईचं लग्न आहे, इथंच जिंतूरला. पाहुण्यांना बसवायचं काम माझ्याकडं आलंय, आणि विचारायला तू नाहीस. श्रावणातच गेलीस. थोडं थांबायचं होतंस गं!

मुंबईला गेलीस ती कपड्यांच्या एका कंपनीत टायपिंग करायला. पुढं जे काम धरलंस त्याला आपल्याकडं नावच नव्हतं. मुंबईतही ते तेव्हा वेगळं असं कुणी करत नव्हतं म्हणे. तू सुट्टीत आलीस की शेजारच्या काकू विचारायच्या, "शके, कपडे शिवायलीस का तिकडं?"

"नाही."

"मग घालून चालायलीस व्हय, त्या पोरींवानी?"

"या उंचीवर?"

"मग करतीस तरी काय?"

"ज्यानं शिवलेत त्याचं नाव लोकांच्या तोंडी बसवते."

"अगं बया! आन् त्याचा पगार भेटतो?"

सगळ्यात जास्त तूच हसायचीस.

तुझ्या पहिल्या फॅशन शोची गोष्ट तू मला ओसरीवर शेंगा फोडताना सांगितलीस. पत्रकारांना बोलावणं, बसवणं, सगळं तुझ्यावर. आणि तू काय केलंस? ज्या मुलाचे कपडे होते त्याची आई लुगडं नेसून दाराशी उभी होती, तिला नेऊन पहिल्या रांगेत मधोमध बसवलंस! ज्याच्या घरचं कार्य त्याच्या आईचा मान पहिला, हे तू इथूनच घेऊन गेलेलीस. एका मोठ्या मासिकाच्या संपादकबाई त्यामुळं दुसऱ्या रांगेत गेल्या. चिडून उठायलाच निघाल्या. तेवढ्यात एक मॉडेल समोरून गेली आणि ती आई मोठ्यानं म्हणाली, "अगं, हा तर माझ्या शालूचा काठ!"

संपादकबाई परत बसल्या. पुढच्या अंकात त्यांनी तेच वाक्य छापलं. तिथून लोक पहिली रांग तुला विचारून लावू लागले.

ती आई विधवा होती, हे तू जाता जाता सांगितलंस. ती नको नको म्हणाली असेल ना? मग तू तिचा हात कसा धरलास? काय बोललीस? मी काहीच विचारलं नाही. शेंगा खात बसले.

दादांना जाऊन आता वर्ष झालं. आई आपणहून म्हणते, "मी मागं बसते गं, सैपाकाकडं बघते." आणि परवा माझ्या मोठ्या जाऊबाई सरळच बोलल्या, "तुमच्या आईला मागंच असू द्या. पुढं सवाष्णी बऱ्या दिसतात." मी मान डोलावली, आत्या! आई तिथंच दारात होती. निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसली.

तुझ्यावर माझा एक राग आहे. मला परभणीला कॉलेजात जायचं होतं, तेव्हा मी फोनवर तुला किती विनवलं, की दादांशी तू बोल. जगाच्या वतीनं बोलतेस, माझ्या वतीनं का नाही? तू म्हणालीस, "मी बोलले तर माझं ऐकतील. तुझं ऐकायची सवय त्यांना कधी लागणार?" मी बोललेच नाही. लग्न झालं. कितीतरी वर्षं तुझ्याशी तुटक वागले. आता वाटतं, एकदा फोन लागावा आणि तू तसंच कडक बोलावंस.

रविवारी आई पहिल्या रांगेत बसेल. नातीवर अक्षता ती पुढूनच टाकेल. हा माझा तुला शब्द.

पण त्याआधी हे जाऊबाईंना सांगायचंय, चारचौघींत, आणि मी आत्तापासूनच वाक्य जुळवत बसलेय. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी विचारते. ये ना आत्या, या वेळी तेवढं माझ्या वतीनं तूच बोल.

तुझीच,
सुनंदा