गिळलेली कॅप्सूल

मंगळवार, संध्याकाळ. कर्जत.

आज फार्मसीच्या फायनल इयरला दम्याची केस दिली. माथेरानला हातरिक्षा ओढणारे एक काका, महिनाभर कॅप्सूल चालू, तरी दम लागतोच. तुम्ही काय कराल? सगळ्यांनी डोस वाढवला. अख्खी फार्माकॉलॉजी पाठ, पण काकांना कुणी काही विचारेल तर शपथ. चिडलेच मी.

शेवटी कोंडाण्याची सुगंधा उठली. ती झाली फार्मासिस्ट, मी पेशंट.

"काका, ही कॅप्सूल घेता कशी, दाखवा बरं."

"पाण्यासंगं गिळतो गं. आनि कशी घ्यायची?"

वर्ग हसला. ती कॅप्सूल छोट्या मशीनमध्ये घालून आतली पावडर श्वासानं ओढायची असते. सुगंधा मात्र हसली नाही. "मॅडम, मेडिकलवाल्यानं सांगितलं नव्हतं का त्यांना?"

"गर्दी असेल दुकानात," म्हटलं आणि पुढच्या केसकडे वळले.

का म्हटलं असं? केस मीच लिहिली. काकांचं गाव बदललं, काम बदललं. कॅप्सूल तेवढी तीच ठेवली. कॉलेजात लागण्याआधी दहिवलीच्या मेडिकलमध्ये काउंटरला मीच होते. पिशवीत कॅप्सूल टाकल्या, मशीन टाकलं, "रोज दोन" म्हणाले. झालं. महिन्यानं काका धापा टाकत परत आले, तेव्हा कळलं.

उद्या सुगंधाला खरं सांगायला हवं. कॅप्सूल दिल्या त्या दुपारी दुकानात काका आणि मी, दोघंच होतो.