न टोचलेले कान

सोमवार, १८ सप्टेंबर

प्रिय दादास,
सप्रेम सलाम. वहिनींना सलाम, छोटीला पापा.

वचन प्रभूचं असेल, तर ते एका माणसाने दुसऱ्याचं चोरलं असं म्हणता येतं का? वह्या तपासताना, भांडी घासताना, बसची वाट बघताना मी हाच प्रश्न स्वतःला विचारत असते. उत्तर येत नाही. तू पाळक आहेस, मी नुसती शाळेतली इतिहासाची बाई. तुला येत असेल तर कळव.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानासमोर रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे गिऱ्हाईक फळीवरून तोल सावरत येतं. बाबा म्हणतात, "एवढं करून जो येतो त्याचं कुलूप खरंच अडकलेलं असतं." आईचा गुडघा बरा आहे. शिवणयंत्राला नवीन पट्टा बसवला, तेव्हापासून ते पूर्वीसारखं कुरकुरत नाही. तुझा पाळकाचा झगा घातलेला फोटो अजून दारासमोरच्या भिंतीवर आहे. माझं पदवीचं प्रमाणपत्र कपाटात, चादरींच्या खाली. आई म्हणते, तिथे ते चुरगळत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर माझ्या तोंडून निघालेलं वाक्य कुठे जातं ते मला आता कळलंय. कागदावरचं निदान माझ्या अक्षरात राहील.

आता सरळच लिहिते. दर शनिवारी संध्याकाळी तुझा फोन यायचा. "काय बॅरिस्टर, उद्याच्या उपासनेचा पाठ वाचलास का?" मी खांद्याने फोन कानाशी दाबून भाजी निवडत बोलत सुटायचे. तू "हं, हं, पुढे?" करायचास. मला ते फार आवडायचं, दादा. शाळेत मुली ऐकत नाहीत, घरी कुणाला वेळ नसतो, चर्चच्या मंडळीत आपल्याला बायकांना बोलायचं नसतं. आठवड्यातून एकदा कुणीतरी मला "पुढे?" म्हणत होतं.

मग तुमच्या मंडळीतलं कुणीतरी तुझे उपासनेतले संदेश रेकॉर्ड करून पाठवायला लागलं. दोन बहिणींच्या घरी प्रभू जातो, त्या पाठावरचा तुझा संदेश आम्ही जेवताना ऐकला. तू म्हणालास, "स्वयंपाकघरातून चिडून मारलेल्या हाकेलाही प्रभूने नाव घेऊन उत्तर दिलं, आणि तेही दोनदा." माझा घास हातातच राहिला. ते वाक्य मी आदल्या संध्याकाळी पातेलं खरवडताना बोलले होते. म्हटलं असेल, एकाच आईची लेकरं, सारखं सुचायचंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मी कान टवकारून ऐकू लागले. बाबांना माझा चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "कुलपं मी विकतो आणि संशय माझी पोरगी घेते."

संशय वाईट असतो रे. एकदा शिरला की सगळ्या जुन्या गोष्टी तपासायला काढतो. तू फोन करायचास तो माझ्यासाठी की पाठासाठी? वाढदिवसाला फोन आला, तोही शनिवारच होता. तू माझ्या शिक्षणाच्या बाजूने बाबांशी भांडलास, तेव्हा तुझ्या मनात काय होतं? असलं सुद्धा मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

शाळेत आम्ही कॉपी पकडतो तेव्हा एक नियम असतो. दोन मुलींचं बरोबर उत्तर सारखं असलं तर काहीच सिद्ध होत नाही. चूक सारखी असली तर होतं.

म्हणून मी तुला एक चूक दिली.

हरवलेल्या नाण्याचा पाठ होता. बाईचं नाणं हरवतं, ती दिवा लावते, घर झाडून काढते, सापडल्यावर शेजारणींना बोलावते. मी तुला म्हटलं, "आईचं कानातलं हरवलं होतं तसंच की! आईने अंधाऱ्या खोलीत दिवा लावून कोपरान् कोपरा झाडला होता. सापडल्यावर समोरच्या काकूंना हाका मारून दाखवलं होतं. तू शाळेत जायचास तेव्हा, आठवतं ना?"

आणि तू म्हणालास, "हो हो, आठवतं की!"

दादा, आईचे कान टोचलेलेच नाहीत.

तुझा तो संदेश आईने इथे महिला मंडळाच्या सभेत लावला. मला विचारलं नाही, विचारलं असतं तर मी फोन हिसकावून घेतला असता. सगळ्या शिवणाच्या खोलीत बसल्या होत्या, मी चहा घेऊन दारात उभी. तुझा आवाज सुंदर येत होता. कानातलं आलं, झाडू आला. मग तू म्हणालास, "माझी आई झाडत होती आणि मी, लहानगा, दिवा धरून तिच्यामागे चालत होतो. आणि माझ्या दिव्याच्या उजेडात ते मलाच पहिल्यांदा दिसलं!"

कानातलं मी रचलं होतं. दिवा तू आपल्या हातात घेतलास. आणि शोधणारी बाई बाजूला सारून शोधून काढणाराही तूच झालास. मला हसू आलं, आणि हसता हसता ट्रे हलला.

बायका आईकडे बघत होत्या. बेकरीवाल्या काकू, मंडळाच्या अध्यक्षा, त्यांची नजर आईच्या कानांवर. "अय्या, तुझे कान तर..."

आईने शिलाईतून मान वर केली नाही. "माझ्या आईचं होतं ते," ती म्हणाली. "ठेवणीतलं. एकच उरलं होतं."

"मग आता कुठेय? दाखव की."

"असेल कुठेतरी."

तुला माहीतच आहे, आईने उरलेल्या कापडाची चिंधीसुद्धा कधी गिऱ्हाइकाला न विचारता ठेवली नाही. ती पंधरा बायकांसमोर तुझ्यासाठी खोटं बोलली, हातातली सुई न थांबवता. बायका गेल्यावर मी म्हटलं, "आई, ते—" तिने दोरा तोडला. "पोरगा मोठ्या जागेवर उभा आहे. तिथून पडलं की लागतं." एवढंच बोलली. गोष्ट कुणी रचली ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तुझी चोरी पकडायला मी सापळा लावला आणि त्यात आईचं बोट सापडलं. हे मला पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. वळसा घालून इथवर आले.

पुढच्या रविवारी उपासनेला निघताना मी पाहिलं. आई डोक्यावर रुमाल नुसता टाकते, तो वाऱ्याने मागे घसरतो आणि ती प्रार्थनेतही एका हाताने ओढत असते, हे तुला आठवत असेल (हे खरं आहे, तपासून बघ). त्या दिवशी तिने दोन्ही कान झाकून हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. नंतर दर रविवारी तसंच. मग आठवड्यातही, दुकानात जाताना, बसमध्ये. उकडत असलं तरी. आपल्या मंडळीच्या, चष्म्याच्या दुकानवाल्या पंचांनी तर बाबांना सांगितलं, "तुमच्या मंडळी हल्ली फार शालीन झाल्या."

काकूंना मात्र वेगळाच संशय. त्या मला बेकरीत पाव बांधून देता देता म्हणाल्या, "आईने ते कानातलं विकलं की काय गं? तुझ्या कॉलेजसाठी?" मी पाव घेऊन तशीच निघून आले.

आता महिला रविवारचं, वर्षातून एकदा बायकांच्या नावाने होते त्या उपासनेचं. या वेळी संदेश मी द्यावा म्हणून मंडळाला विचारलं होतं, हे तुला सांगितलं नव्हतं. काकूंनी पंचांकडे निरोप नेला, पंचांनी परत पाठवला: बाईने साक्ष द्यावी, संदेश देऊ नये. साक्ष खालच्या स्टँडवरून, संदेश पायऱ्या चढून वरच्या पुलपिटावरून. काकू मला समजावत होत्या, "अगं, प्रभूने तुझ्या आयुष्यात काय केलं ते तू सांग. त्याचा अर्थ सांगायला पाळक आहेत ना!" म्हणजे घडायचं बाईच्या आयुष्यात आणि अर्थ कळायचा पुरुषाला. मी म्हटलं, "मग महिला रविवारी वर कोण चढणार?" काकूंचा चेहरा उजळला. "तुझा दादा! एकमताने ठरलं. बायकांच्या मनातलं किती ओळखतो गं तो! जणू एखादी बाईच बोलतेय."



तुला आमंत्रण मिळालं आणि परवा शनिवारी तुझा फोन आला. "काय बॅरिस्टर, महिला रविवारचा पाठ वाचलास का?" मी म्हटलं, "नाही." आयुष्यात पहिल्यांदा. तू म्हणालास, "बरं नाही का तुला?" तुझ्या आवाजात खरी काळजी होती. मी तिच्यावरही संशय घेतला.

एक गोष्ट मला अजून ठरवता येत नाही. तू आईचे कान कधी नीट पाहिलेच नाहीस, की पाहिलेस, आठवले, आणि तरी गोष्ट चांगली आहे म्हणून सांगितलीस? यातलं जास्त वाईट काय, तेही मला कळत नाही. आणि स्वतःबद्दलही विचारते: मला सत्य हवं होतं, की ते वरचं पुलपिट हवं होतं? दोन्ही म्हटलं तर प्रामाणिक उत्तर होईल.

काल उपासनेत साक्षीची वेळ झाली. इथल्या पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मी उठले. खालच्या स्टँडपाशी गेले. माइक पंचांच्या उंचीचा होता, तो खाली ओढला तेव्हा कर्र आवाज झाला आणि एक बाळ रडायला लागलं.

म्हटलं, "माझी साक्ष एका खोट्याबद्दल आहे. हरवलेल्या कानातल्याची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली. ती घडलेली नाही. ती मी रचली आणि खरी म्हणून एका माणसाला सांगितली, त्याची परीक्षा घ्यायला. माझी आई काही विसरलेली नाही, तिने काही विकलेलं नाही, तिच्याकडे कानातलं कधी नव्हतंच. ती जे बोलली ते माझं पाप झाकायला बोलली."

तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं. म्हणून नाव न घेण्याचा मोठेपणा मी मिरवणार नाही.

इथे थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "प्रभू देवाला मेंढपाळाची उपमा देतो, त्याचं चित्र आपल्या भिंतीवर आहे. बापाची देतो, त्याचं चित्र मुलांच्या शब्बाथशाळेत आहे. मधे झाडू घेतलेल्या बाईची देतो. तिचं चित्र कुणी पाहिलंय? त्या दृष्टांतात दिवा तीच लावते, झाडते तीच, सापडतंही तिलाच. मागे दिवा धरून कुणी चालत नाही. तो आपण नंतर घातला, कारण ती एकटी आपल्याला बघवत नाही."

चष्मेवाले पंच उभे राहिले. "पाळकसाहेब, ही साक्ष नाही! हा संदेश चाललाय!"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आणि मागून काकूंचा आवाज आला, "मग संपेपर्यंत खाली बसा!"

कुणीतरी फिसकन हसलं. पंच बसले. मी आणखी थोडंच बोलले. काय बोलले ते तुला लिहीत नाही.

मी आईकडे बघत नव्हते, धीर होत नव्हता. शेवटी बघितलं. ती तिसऱ्या बाकावर, बाबांशेजारी. तिने हनुवटीखाली हात नेला, गाठ जरा ओढून बघितली, ती घट्ट बसली होती. मग शिवणातली सोडवते तशी नखाने हळूहळू सोडवली. रुमाल खांद्यावर पडला तो तिने उचलला नाही. चष्मेवाले पंच वळून बघत होते. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि केस कानांमागे सारले.

घरी येताना ती माझ्याशी बोलली नाही, आजही नाही. पण सकाळी माझा डबा भरून ठेवला होता. गुरुवारी पंचांनी मला बोलावलंय. बहुधा खालचं स्टँडही जाईल. तुझं आमंत्रण कुणी मागे घेतलेलं नाही. वर चढायचं की नाही ते तू ठरव, त्याबद्दल मी तुला काही सुचवणार नाही.

पाठ मी वाचलाय, शनिवारी फोन आला तेव्हाही वाचलेला होता. तेही तुझ्याशी खोटं बोलले.

घरी आलास की आधी आईचे कान बघ. मग बोलू.

अजूनही तुझीच,
धाकटी