गौरीच्या वेळच्या गोळ्या

४ मार्च, अल ऐन, यूएई
रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. वय अडतीस, मूल नाही, त्यात हे. डॉ. हानान म्हणाल्या, लवकर सापडला, नशीबवान आहेस. नशीबवान म्हणे! नवरा जवळ नाही; प्रशांत खोर फक्कानला पोर्टवर नोकरीला, सुट्टीलाच घरी येतो. फोनवर सांगितलं. त्याने आधी विचारलं, गाडी चालवत नाहीयेस ना? घरी येऊन नववीचे गणिताचे पेपर तपासले. कसे तपासले देव जाणे.

९ मार्च
प्र. रजा टाकून आला. डॉ.नी रिसेप्टर समजावले. पेशींवर हॉर्मोन येऊन चिकटायच्या जागा असतात. इस्ट्रोजेन चिकटलं की अस्तर वाढतं, प्रोजेस्टेरॉन चिकटलं की आवरतं. माझ्या गाठीवर दोन्हीच्या जागा भरपूर. एमआरआयमध्ये आजार अस्तरापुरताच दिसतोय, म्हणून दोन रस्ते. गर्भाशय काढणं, हे सगळ्यात खात्रीचं. किंवा मूल हवं असेल तर रोज प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी तुकडा काढून तपासणी.
"म्हणजे गोळ्या लागू पडणारच ना?"
"शक्यता चांगली आहे. हमी नाही, हबीबती." सगळ्या पेशंटना त्या लाडाने असंच म्हणतात.
एका हॉर्मोनने वाढला, त्याच्याच भावकीतल्याने आटोक्यात येणार. केबिनमध्ये समजलं होतं. लिफ्टपर्यंत येता येता पुन्हा गोंधळ.

१० मार्च
सासूबाईंना सांगलीला व्हिडिओ कॉल. दरवर्षी गौरीसाठी जायचो आणि माझी पाळी आडवी येईल असं वाटलं की मी पाळी लांबवायच्या गोळ्या घ्यायचे. आई रडायलाच लागल्या. "मीच सांगायचे तुला त्या घ्यायला. माझ्यामुळे झालं हे, मेघा." नाही हो आई, म्हटलं. पण रिपोर्ट आल्यापासून माझ्याही डोक्यात तेच होतं. आणि आता ह्या डॉक्टरबाई परत गोळ्याच देतायत.

१३ मार्च
डॉ.ना विचारलंच. हसल्या. आमच्या बायका हजला जाताना हेच करतात, म्हणाल्या. त्या चार दिवसांच्या गोळ्यांनी हे होत नाही. माझी पाळी वर्षानुवर्षं दोन-दोन महिने यायची नाही, तेव्हा प्रोजेस्टेरॉन बनतच नव्हतं, इस्ट्रोजेन एकटंच अस्तर वाढवत बसलं. आताच्या गोळ्या त्याच कुळातल्या, पण वेगळ्या, डोसही मोठा.
पाळी आली नाही की मला तर बरंच वाटायचं, कटकट नाही म्हणून.

२० मार्च
गोळ्या सुरू. आईंना खरं ते सांगितलं, की जुन्या गोळ्यांचा दोष नव्हता आणि आताच्याही त्याच कुळातल्या. "पुन्हा त्याच? डॉक्टर बदल." संध्याकाळी त्यांचाच फोन: यंदा तुझी पाळी असो नसो, गौरी तूच बसवायच्या, कसलं सोवळं नि काय. मला रडू आलं. मग राग. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं…

१७ मे
वजन वाढलंय. सारखी भूक. स्टाफरूममध्ये नवीन बाईंनी हळूच विचारलं, गुड न्यूज आहे का? मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. का, कोण जाणे.

२६ जून
तुकड्याचा रिपोर्ट. कमी झालाय, गेलेला नाही. पण जागा भरपूर आहेत ना, मग? डॉ. म्हणाल्या, जागा असूनही काहींना वेळ लागतो, काहींना गोळ्या लागूच पडत नाहीत. तू कुठल्यातली, आज सांगता येत नाही. अजून तीन महिने, इन्शाल्ला, किंवा ऑपरेशन. विचार करून सांग.
कशाच्या जोरावर विचार करायचा?

२७ जून
प्र. घरी. जेवताना मान खाली घालून बोलला, "काढून टाकू या. मला मूल नको, तू हवीस."
किती चांगलं बोलला. आणि मला त्याचा भयंकर राग आला. आजवर समजत होते, मूल त्याला हवंय, आईंना हवंय, मी आपली त्यांच्यासाठी गोळ्या गिळतेय. आता तो नको म्हणतो. आईही परवा म्हणाल्या, तुझ्या जिवापेक्षा काही मोठं नाही. मग उरलं कोण? मीच. मला हवंय. एवढी भीती वाटतेय तरी हवंय. हे त्याला कसं सांगू?
गोळीची वेळ झाली म्हणून पाणी मागितलं. लगेच घेऊन आला. ग्लास धरून उभा आहे, आणि मी मान वर न करता लिहीत बसलेय.