शम्साच्या टाचेला हात लावू नकोस

प्रिय खलफान,

'प्रिय' लिहिताना हात अडला होता. पण माझ्या बहिणीचा नवरा आहेस, लिहावंच लागतं. समोर आलो असतो तर हात उठला असता, म्हणून हा कागद. तुझा निरोप मिळाला. शुक्रवारी नमाजानंतर तू तुझ्या पोरीच्या, शम्साच्या टाचेला डाग देणार, आणि मी येऊन चार लोकांसमोर माझी टाच दाखवायची, "बघा, खलफानच्या हाताला कसा गुण आहे!" वा रे वा! मी येणार नाही. आणि डागही पडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

माझ्या टाचेची गोष्ट तू गावभर सांगत सुटलास, आता माझ्याकडून ऐक. निझवाच्या बाजारात मी आयुष्यभर बकऱ्या फिरवल्या. हातात दोरी, तोंडाने भाव पुकारायचा, आणि गिऱ्हाइकांच्या रिंगणातून गोल गोल चालत राहायचं. पायात पातळ चामड्याची चप्पल, खाली सिमेंट. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. थोडं चाललं की सैल पडायचं, उन्हं चढली की पुन्हा तेच. तू म्हणालास, आत काटा वाढलाय, जाळला की मरेल. बाभळीचे निखारे, त्यात लाल केलेली सळई, आणि वर मलाच दरडावलंस, "बायकांसारखा ओरडू नकोस." टाच पिकली. उन्हाळाभर खाटेवर पडून राहिलो. पाय टेकवताच येत नव्हता, तर चालणार काय कपाळ! त्या सक्तीच्या विश्रांतीने दुखणं उतरलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि तेव्हापासून तू छाती काढून फिरतोयस.

मी बाजारात परतलो आणि दुखणंही परतलं, हे मात्र तू कुणाला सांगत नाहीस. मग मी दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टरीण सूर शहरातली, आपल्या पोरींच्या वयाची. तिने समजावलं, की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून दुखावलाय. रात्री तो आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम खेचला जातो, म्हणून कळ. एक्स-रेच्या फोटोत हाडावरचा काटा दिसत होता. ती हसून म्हणाली, "काका, असा काटा कितीतरी न दुखणाऱ्या टाचांतही असतो. त्याच्या नादी लागू नका." तिने सांगितलं ते केलं. अंथरुणातून उठण्याआधी मुंडाशाचं कापड चवड्याला अडकवून पंजा आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. आणि अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. गालिचे मळतील म्हणून बायको कुरकुरली, तिला घरापुरत्या वेगळ्या मऊ चपला आणून दाखवल्या. महिनोन् महिने हे चाललं. कंटाळलो, त्या पोरीला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. पण बरा झालो तो त्याने, तुझ्या सळईने नाही.

आणि शम्साचं काय करायला निघालायस? दिवसभर शाळेच्या फरशीवर पोरांपुढे उभी असते ती. घरी आली की तुझ्या पाहुण्यांसाठी कॉफी घेऊन अनवाणी धावते. त्यात तिला साखरेचं दुखणं. चपलेने साधा फोड आला होता तर जखम भरता भरेना, डॉक्टर बोट कापायच्या गोष्टी बोलत होते. विसरलास? त्या पायावर तू तापलेलं लोखंड ठेवणार! बाप आहेस की लोहार? तिचा पाय गेला तर तुझे ते चार लोक तिला खांद्यावर घेऊन शाळेत नेणार आहेत का?

हे सगळं आजच लिहिण्याचं कारण सांगतो. काल तू निखाऱ्यांसाठी लाकडं आणायला डोंगरात गेलास आणि मागोमाग तुझी बायको झुवैना शम्साला घेऊन माझ्याकडे आली. दोघी इथेच आहेत. न्यायला येऊ नकोस, मी पाठवणार नाही. येताना माझ्या बहिणीने एक पिशवी आणली होती. तिच्यातून तिने तुझे बूट काढून माझ्यासमोर ठेवले. जाड मऊ तळव्याचे, आत डॉक्टरने बसवून दिलेली गादी. गेल्या हिवाळ्यात तुझी टाच दुखायला लागली, तेव्हा मस्कतला लग्नाला जातो म्हणून तू मोठ्या दवाखान्यात जाऊन आलास, हे मला काल कळलं. स्वतःसाठी निखारे का नाही पेटवलेस, खलफान? शम्साच्या मापाचे आज आणतोय. तोवर आज सकाळी पोरीने पहिलं पाऊल टाकलं ते तुझ्याच बुटांत.

नाइलाजाने तुझाच मेव्हणा,
झहरान